फुंकरमातीचा दिवस

नदी जिथे कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळते, तिथल्या सागाच्या रानात एक ससा राहत असे. अंगाने चिमूटभर, पण दम असा की त्याचा खेळ बघणाऱ्यांनाच धाप लागावी. मुलांनो, तुम्ही ज्याला कबड्डी म्हणता, त्याला या रानात जुन्या नावाने हुतूतू म्हणत. मधली रेष ओलांडून समोरच्या संघात शिरायचे, एका श्वासात 'हुतूतू हुतूतू' म्हणत राहायचे, जमेल त्याला शिवायचे आणि दम तुटायच्या आत आपल्या बाजूला परतायचे. मध्येच श्वास घेतला की गडी बाद. रेषांच्या आत कोणी कोणाला खायचे नाही, एवढा एक नियम मात्र सगळे पाळत. रेषांच्या बाहेरचे मला विचारू नका.

पाऊस सरून जमीन वाळली की हंगाम सुरू होई. नदीच्या ऐलतीराचा एक संघ, पैलतीराचा दुसरा, आणि दर आठवड्याला एक असे सात सामने. जिंकेल त्याला सागाच्या सालीची ढाल मिळे. गेली चार वर्षे ती ढाल पैलतीराचा नायक असलेल्या मुंगसाच्या बिळाबाहेर टांगलेली होती. येता-जाता ती दिसली की ऐलतीरावाले मान दुसरीकडे वळवत.

ऐलतीराच्या संघाला एक म्हातारा साळिंदर खेळ शिकवी. त्याला स्वतःला कधी फारसे खेळायलाच मिळाले नव्हते. का म्हणाल, तर त्याला धरणार कोण? तरुणपणी एकदा त्याला संघात घेतले, तेव्हा समोरचे सातही गडी तळव्यातले काटे उपटत घरी गेले. तेव्हापासून तो रेषेबाहेर बसून शिकवू लागला, आणि सगळे रान त्याला मामा म्हणू लागले. आता मामाची छाती अधू झाली होती. चार पावले चालला की थांबून धाप टाकी, आणि तरी सशाला ऐकवी, "दम छातीत नसतो रे, पोटात असतो!" सशाला पाण्यात तोंड बुडवून दम धरायला त्यानेच शिकवले होते.

त्या वर्षी ससा पहिल्यांदाच संघाचा नायक झाला. सशाचे आयुष्य ते केवढे! हा त्याचा पाचवा हंगाम. मिशा पांढऱ्या होऊ लागल्या होत्या आणि मागचा डावा पाय सकाळी ताठून बसे. पुढल्या वर्षी आपण मैदानात नसू, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याने ते कोणाला सांगितले नव्हते, पण मामाला न सांगताच कळले होते. एकदाच, फक्त एकदाच ती ढाल मामाच्या हातात द्यायची, एवढेच सशाच्या मनात होते.

आणि नेमकी त्याच वर्षी रानात खरखर आली.

खरखर म्हणजे एक आजार. आधी घशात गवताचे कुसळ अडकल्यासारखे होई, मग कोरडा खोकला, मग ताप. धडधाकट प्राणी आठ-दहा दिवस लोळून उठत. म्हाताऱ्यांचे आणि अधू छातीच्यांचे मात्र काही खरे नसे. टेकडीवरचे म्हातारे उदमांजर तिसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर पाणवठ्यावर सगळे एकमेकांपासून लांब उभे राहू लागले, आणि कोणी नुसते खाकरले तरी बाकीचे पाणी अर्धे टाकून पळत.

हंगाम तोंडावर आला, तशी मोहाच्या झाडाखाली सभा भरली. सभेची आणि खेळाचीही मुख्य पंच एक हत्तीण होती. तिने साठ हंगाम पाहिले होते, म्हणून रानात तिला आजी म्हणत.

"बोला," हत्तीण म्हणाली. "यंदा खेळायचं की नाही?"

"बंद! सगळं बंद!" टिटवी ओरडली. "खेळ बंद, पाणवठा बंद, वाटा बंद! नदीसुद्धा बंद करा!"

"नदी कशी बंद करायची, ते आधी सांग," रानडुक्कर म्हणाले. ते ऐलतीराच्या संघातला सर्वांत वजनदार गडी. "आणि मला कसली खरखर? मी जन्मभर चिखलात लोळतोय. मला काही होत नाही."

"आम्हाला काही घाई नाही," पैलतीराचे मुंगूस शांतपणे म्हणाले. "खेळ झाला नाही, तर ढाल जिथे आहे तिथेच राहील."

हे ऐकून सशाचे कान ताडकन उभे राहिले. तो सभेच्या मधोमध आला. "आजी, रागावू नका, पण एक विचारतो. तुम्ही साठ हंगाम पाहिलेत. यंदाचा बुडाला, तर तुमचं काय बिघडेल? माझ्या वाट्याला सगळे मिळून पाच. हा शेवटचा आहे. मला 'पुढच्या वर्षी बघू' असं कोणी म्हणू नका. माझ्याकडे पुढचं वर्ष नाही."

 खरे सांगतो मुलांनो, या बोलण्याला उत्तर देणे सोपे नव्हते, आणि ज्याला ते सोपे वाटते त्याने कधी मन लावून काही खेळलेले नसावे.

"उदमांजराच्या बायकोला विचार, तिच्याकडे काय उरलंय," टिटवी म्हणाली. तेही खरे होते. सशाने मान खाली घातली.

मग साळिंदर धापा टाकत उठला. "मी सांगतो. या आजाराची सगळ्यांत जास्त भीती कोणाला? मला. माझी छाती म्हणजे फुटका भाता. तरी माझं मत आहे, खेळ व्हावा. महिनाभर सगळे बिळात तोंड लपवून बसलेत. पोरं हसायची विसरली. मला मरायचं नाहीये, पण असं बसूनही राहायचं नाहीये."

हत्तीण सोंड हलवत विचार करू लागली. तेवढ्यात कोल्ह्याने तोड काढली. कोल्हा ऐलतीराच्या संघातला पकडीत पटाईत गडी, आणि डोके तर विचारूच नका. "आजी, नदीच्या मध्ये बेट आहे ना? दोन्ही संघ तिथं नेऊन ठेवा. चौदा गडी, मामा आणि तुम्ही. बाकी कोणी यायचं नाही, आतल्यानं बाहेर जायचं नाही. दहा दिवस जो तो आपापल्या आडोशाला राहील. कोणी खोकला नाही, तर अकराव्या दिवशी खेळ सुरू. बघणाऱ्यांनी काठावरून बघावं."

"आणि खरखर पोहत आली तर?" टिटवीने विचारले. सगळे हसले. महिनाभरानंतर सभेत कोणीतरी हसले होते, त्यामुळे तो बेत सगळ्यांना एकदम आवडून गेला.

हत्तिणीने आपला एक नियम त्यात घातला. रोज सकाळी दमाची परीक्षा. वरच्या खडकापासून पळसाचे पान प्रवाहात सोडायचे, आणि ते वाहत खालच्या खडकाला लागेपर्यंत प्रत्येकाने एका दमात हुतूतू म्हणायचे. घशात खरखर असेल तर दम टिकणार नाही. "ज्याचा दम तुटेल, त्यानं सांगायचं. मी म्हातारी किती जणांकडे बघू? तुमचं तुम्ही सांगायचं," हत्तीण म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बेटावरचे दिवस सुरू झाले. ससा सकाळी दोन पानांचा दम धरी. पहिले पान खडकाला लागे, संघातला वानर दुसरे सोडी, तेही लागे, आणि ससा आपला हुतूतू म्हणतच असे. काठावरची पोरे टाळ्या वाजवत. साळिंदर लांब दगडावर बसून ओरडे, "दाखवायचा नाही रे दम, वाचवायचा!" आणि मग दुसरीकडे तोंड करून हसे.

एक गोष्ट मात्र कोणाला ठाऊक नव्हती. सातव्या दिवशी संध्याकाळी कोल्हा पोहून काठावर गेला होता. काठावर सीताफळे पिकली होती, आणि त्यांचा वास तीन दिवस त्याच्या नाकात शिरत होता. तिथे त्याचा चुलतभाऊ भेटला. दोघांनी शेजारी-शेजारी बसून पोटभर सीताफळे खाल्ली, बिया कोण लांब थुंकतो याची पैज लावली, आणि कोल्हा अंधार पडायच्या आत परत आला. चुलतभाऊ अधूनमधून खाकरत होता. कोल्ह्याला वाटले, बी अडकली असेल. दुसऱ्या दिवशी त्याला सरावाची घाई सुटली. त्याने सशाला गाठले आणि दोघांनी नियम मोडून पकडीचा सराव केला. चांगला तासभर कोल्हा सशाच्या मानेवर तोंड ठेवून त्याला दाबत होता.

अकरावा दिवस उजाडला. पहिला सामना दुपारी. दोन्ही काठ माकडांनी, हरणांनी, पाखरांनी गच्च भरले होते. सकाळची दमाची परीक्षा सुरू झाली. सशाची पाळी आली, वानराने पान सोडले, आणि ससा हुतूतू म्हणू लागला.

पान निम्म्यावर आले आणि सशाच्या घशात कुसळ टोचले.

त्याने डोळे मिटून दम रेटला. पान खडकापासून हातभर लांब असताना त्याचा आवाज तुटला. त्याने चटकन श्वास घेतला आणि पुन्हा हुतूतू धरले. हत्तीण पानाकडे बघत होती. पाण्याचा खळखळाट होता आणि काठावर पोरांचा गलका होता. पान खडकाला लागले. "झालं, पुढचा," हत्तीण म्हणाली.

ससा झुडपामागे जाऊन उभा राहिला.  कोल्हा हळूच जवळ आला. "ऐकलं मी," तो कुजबुजला. "घाबरू नकोस. मलाही कालपासून तसंच होतंय. पाणी पी, गप्प राहा. सामना दुपारी आहे, कोणाला कळणार आहे? हा तुझा शेवटचा हंगाम, असं तूच म्हणालास ना?"

 खोटे कशाला सांगू, त्या घटकेला सशालाही तेच हवे होते. घसाच तर आहे, त्याने स्वतःला समजावले. उन्हाने कोरडा पडला असेल. कदाचित कुसळच असेल.

आता मुलांनो, या रानाची एक रीत सांगायची राहिली. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी संघाचा नायक मैदानातली चिमूटभर माती तळव्यावर घेई आणि आपल्या गुरूच्या कपाळावर फुंकर मारून ती उडवी. मग एकेका गड्याच्या कपाळावर. याला फुंकरमाती म्हणत. सभेत या सगळ्यांनी पाणवठ्याचा विचार केला, आडोशांचा केला, नदी बंद करण्याचासुद्धा केला, पण फुंकरमातीचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. रोजच्या पायवाटेवरचा दगड कोणाला दिसतो?

साळिंदर मैदानात आला. आज त्याने काटे विंचरल्यासारखे नीट मागे बसवले होते. चालून आल्याने त्याला धाप लागली होती. तो सशासमोर बसला, मान वर केली आणि डोळे मिटले.

"चल, लेकरा," तो म्हणाला. "किती वर्षं वाट बघतोय मी तुझ्या फुंकरीची."

सशाने माती तळव्यावर घेतली. त्याचे तोंड मामाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होते. मामाची छाती वरखाली होत होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत बारीक शीळ वाजत होती. सशाच्या घशात कुसळ पुन्हा टोचले. दोन्ही काठ श्वास रोखून बघत होते. एक फुंकर मारायची, आणि हंगाम सुरू.

सशाने तळवा उलटा केला. माती खाली पडली.

"मामा, डोळे उघडा आणि मागे सरका," तो म्हणाला. मग तो स्वतःच पाच उड्या मागे गेला. "आजी, पान लागायच्या आधी माझा दम तुटला होता. मी लपवलं. खेळ थांबवा."

 मग दोन्ही काठांवर एकच कालवा उठला. आणि सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता, माहीत आहे? साळिंदराचा.

"अरे, मार फुंकर! लाजतोस काय नव्या नवरीसारखा? एवढ्याशा खोकल्याला भ्यायला? मी नाही भीत!"

"तुम्ही भीत नाही, मामा. मी भितो," ससा म्हणाला, आणि त्याला रडू फुटले. "ढाल आणून ती द्यायची कोणाला?"

हत्तिणीने सोंड वर केली आणि दोन्ही काठ शांत झाले. "आणखी कोणाचा दम तुटलाय?" तिने विचारले.

"माझा नाही," कोल्हा झटकन म्हणाला, आणि लगेच असा खोकला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. शेजारचे रानडुक्कर, ज्याला जन्मात काही होत नव्हते, ते सर्वांत आधी पळाले.

"मी म्हटलं नव्हतं? पोहत आली की नाही?" टिटवी ओरडली. तिने म्हटले होते, हे खरेच. पण तिने सगळ्याच गोष्टींबद्दल सगळेच म्हटलेले असते, म्हणून तिचे कोणी ऐकत नाही, यात थोडी चूक तिचीही आहे.

खेळ थांबला. काठावरचे सगळे पडल्या चेहऱ्यांनी घरी गेले. बेटावरच्यांनी बेटावरच राहायचे ठरले, पुन्हा आपापल्या आडोशाला, आणि या वेळी हत्तीण स्वतः मध्ये उभी राहिली. साळिंदराला तिने बेटाच्या वरच्या टोकाला धाडले, जिथे वारा नदीकडून येई. मामा तिथे दोन दिवस सगळ्यांकडे पाठ फिरवून बसला. 

चौदांपैकी पाच जण आजारी पडले. सशाला सर्वांत जास्त ताप चढला. तिसऱ्या दिवशी त्याला श्वास पुरेना. तो आडोशाला पडून घरघरत होता आणि हत्तीण लांबूनच सोंडेने त्याच्यावर पाणी शिंपडत होती. ती घरघर वाऱ्यावर वरच्या टोकाला पोचली, तसा साळिंदर वळून बसला. दोघांमध्ये शंभर पावले अंतर होते. मामाच्या अधू छातीतून एवढा आवाज निघेल, असे कोणाला वाटले नव्हते.

"ए ससुल्या! घाई करू नकोस. पोटात घे. पोटात! हां. आता सोड. हळू सोड. पुन्हा घे."

तो दिवसभर तेच सांगत राहिला. आवाज बसला, तेव्हा शेपटीचे काटे खुळखुळवून ताल देत राहिला. एक खुळखुळ झाली की घ्यायचा, दुसरी झाली की सोडायचा. चौथ्या दिवशी सकाळी सशाचा ताप उतरला. त्याने डोळे उघडून पहिले काय विचारले असेल?

"मामा खोकले का?"

"नाही खोकला," हत्तीण म्हणाली. "तुझ्यावर ओरडायला त्याला घसा लागतो ना. जपतोय तो."

ससा हसला आणि पुन्हा झोपला. पुढच्या दहा दिवसांत पाचही जण उठून बसले. मामाला खरखर झाली नाही. बेटावरून कोणी काठावर ती नेली नाही, त्यामुळे गर्दी करून उभ्या राहिलेल्या त्या दोन्ही काठांवरही कोणाच्या घरी ती नव्याने शिरली नाही. सशाने उठल्यावर एकदा पानाची परीक्षा दिली. पान निम्म्यावर असताना त्याचा दम संपला. तो आडोशाला जाऊन बसला, आणि त्या दिवशी मामाने त्याला काही सुनावले नाही.

हिवाळा तसाच गेला. डोंगरापलीकडच्या रानाने आपला खेळ ठरल्या दिवशी, वाजतगाजत घेतला होता. तिथून एक पारवा उडत आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला विचारले, "कोण जिंकलं?" पारवा म्हणाला, "त्याची आठवण आता तिथं कोणी काढत नाही," आणि जास्त काही न सांगता पाणी पिऊन निघून गेला. त्या संध्याकाळी मुंगूस सशाच्या बिळापाशी आले. बराच वेळ इकडचे-तिकडचे बोलले आणि जाता-जाता म्हणाले, "त्या दिवशी तू बोललास ते बरं झालं. माझी चार पिल्लं काठावर पुढच्या रांगेत होती. सामना संपताच ती पोहत माझ्याकडे आली असती."

पळस फुलले तोवर खरखर रानातून निघून गेली. महिना झाला, कोणी खोकले नाही. तेव्हा हत्तिणीने पुन्हा सभा बोलावली. "हंगाम तर गेला," ती म्हणाली. "पण नदी आटलीय. बेटाभोवती चांगली मऊ वाळू उघडी पडलीय. उन्हाळ्यात आजवर कोणी खेळलं नाही. नियमात मात्र कुठे लिहिलेलं नाही की खेळू नये. सात नाही, एकच सामना घेऊ. भल्या सकाळी, वाळू तापायच्या आत. ढालही त्यावरच. चालेल?"

"चालेल!" सगळे रान एका आवाजात ओरडले. टिटवीसुद्धा. तिने नंतर वाळू बंद करायची सूचना मांडली, पण तोपर्यंत कोणी ऐकायला थांबले नव्हते.

सामन्याच्या सकाळी सशाने वाळू तळव्यावर घेतली. साळिंदर समोर बसला, मान वर करून, डोळे मिटून. सशाने फुंकर मारली. पाच महिन्यांची साठलेली फुंकर ती, अंमळ जोरातच बसली. मामाचे तोंड वाकडे झाले आणि त्याने एक, दोन, तीन दणदणीत शिंका दिल्या. सगळे रान जागच्या जागी थिजले. हरणे दोन पावले मागे सरली. हत्तिणीची सोंड अर्ध्यावर थांबली.

साळिंदराने डोळे उघडले. "नाकात गेली की वाळू, मेल्या! कपाळ इथं वर आहे!"

मग असा हशा उठला की पारंब्यांवरची वटवाघळे जागी झाली. हसता-हसता कितीतरी जणांनी हळूच डोळे पुसले. मीही तिथे असतो तर पुसले असते.

सामना रंगला. सशाचा दम पूर्वीसारखा राहिला नव्हता. दोन पानांचा दम आता जेमतेम एका पानाचा झाला होता. तरी त्याने दोन चढायांत तिघांना टिपले. शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत होते. ससा रेष ओलांडून आत शिरला, हुतूतू म्हणत रानमांजराला हुलकावणी दिली, त्याला शिवला आणि परत वळला. रेष दोन हातांवर असताना मुंगसाने त्याचा पाय धरला. मग त्याच्यावर भेकर पडले, भेकरावर रानमांजर, आणि बाकीचेही एकावर एक येऊन आदळले. सशाने रेषेकडे हात लांबवला. बोटभर अंतर राहिले आणि त्याचा दम तुटला.

हत्तिणीने सोंड उचलली. "बाद! पैलतीर जिंकलं!"

पैलतीरावर जल्लोष झाला. साळिंदर रेषेबाहेरून ओरडत होता, "उजवीकडून वळायचं होतं, गाढवा! कितीदा सांगितलं!" आणि ओरडता-ओरडता नाचत होता.

ढिगाऱ्यातले गडी उठू लागले. सर्वांत खाली ससा वाळूत पालथा पडला होता आणि त्याचे अंग गदगदत होते. मुंगूस घाबरले. "लागलं का रे? रडतोस का?"

ससा रडत नव्हता. तो हसत होता.

"उठ की, बाद झालास," हत्तीण म्हणाली.

"आजी, जरा त्यांना सांगा, लगेच उठू नका म्हणावं," ससा वाळूतून तोंड वर काढून म्हणाला. "किती महिन्यांनी कोणीतरी अंगावर पडलंय!"

मुंगसाने आपल्या गड्यांकडे पाहिले. गडी हसले, आणि सगळेच्या सगळे, या वेळी ऐलतीराचेसुद्धा, पुन्हा धावत येऊन त्याच्यावर पडले.

तात्पर्य : थांबवलेला खेळ पुन्हा मांडता येतो, पण त्यासाठी गडी जिवंत असावे लागतात, म्हणून आपला दम तुटला, तर तो दुसऱ्याने ओळखायच्या आत आपणच सांगावा.